ज्याला मी दोनदा ओळखलं

जरजीस
रविवार, १२ मार्च २०१७, दुपारचे सव्वादोन

शाकिर दादास,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी बंदरात एका बोटीवर तिच्या नावाचं शेवटचं अक्षर रंगवत होतो. ते पुरं केलं, ब्रश रॉकेलमध्ये धुऊन पुसला आणि मगच कागद घेतला. अक्षर अर्धवट टाकून उठलो असतो तर डोक्यात तेच घोळत राहिलं असतं. तू माझ्या या सवयीला हसायचास.

लझहर उद्या सकाळी गाडी घेऊन सीमेपलीकडे लिबियात जातोय, नेहमीसारखाच पेट्रोल आणायला. तुला जिथे ठेवलंय तिथल्या एका माणसाशी त्याची ओळख निघाली. तो म्हणाला, "लिही काय लिहायचंय ते. आत एक नोट घाल, म्हणजे कागद पोचेल. नोट पोचेल की नाही ते विचारू नकोस."

एक गोष्ट आधी सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळली तर धक्का बसेल. आम्ही तुला पुरलं आहे.

तू सिसिलीच्या बोटीने गेलास ८ ऑक्टोबरला. न सांगता गेलास, त्याबद्दल आता काही बोलत नाही. बोट उलटल्याची बातमी चौथ्या दिवशी आली. त्यानंतर आई रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि अंधार पडल्यावर इबतिसाम लेकीच्या हक्काने तिला हाताला धरून आणायची. जेवण नाही, झोप नाही. मी तुझा फोटो, नाव आणि माझा नि आईचा फोन नंबर छापून बंदरापासून बसथांब्यापर्यंत सगळीकडे चिकटवले. ३ नोव्हेंबरला किनाऱ्यावर एक देह आला. बायका शवागारात जात नाहीत, म्हणून गाबेसला मीच गेलो. दफन सूर्यास्ताआधी व्हायला हवं होतं. तिथल्या माणसाने तोंडावरचं कापड बाजूला केलं, आणि मी तुला पाहिलं. तुझा हिरवा स्वेटर होता. डाव्या कोपराला तंदुरावर जळून पडलेलं भोक होतं आणि इबतिसामने काळ्या दोऱ्याने केलेला रफू होता. मी सही केली. तुझ्या दगडावरचं नाव मीच रंगवलं, दोन हात दिले. त्या रात्री आई पहिल्यांदा झोपली.

म्हणून २७ फेब्रुवारीला तुझा फोन आला तेव्हा आईने तो कापला. तिचा राग मानू नकोस. त्याआधी दोन फोन येऊन गेले होते. एक म्हणाला मुलगा सिसिलीच्या तुरुंगात आहे, पाचशे दिनार पाठवा. दुसऱ्याने आठशे मागितले. ज्यांची मुलं समुद्रात गेली त्या सगळ्या घरांना असे फोन येतात.

५ मार्चला तू मला फोन केलास. बोटवाले रंगावरून नंतर भांडतात, म्हणून माझ्या फोनमध्ये सगळं बोलणं आपोआप साठतं. तुझं बोलणं त्यात आहे. मी ते इतक्यांदा ऐकलंय की श्वासासकट पाठ झालंय. मी विचारलं, "शाकिर दादा, तू आहेस?" तू म्हणालास, "हो." मी म्हणालो, "लिबियात आहेस?" तू म्हणालास, "हो, लिबियात." मी म्हणालो, "बोट वाहत तिकडे गेली का?" "वाहत गेली." मी म्हणालो, "आईच्या हातची ओज्जा आठवते का रे?" आणि तू रडायला लागलास. मीही रडलो. मग पहारेकऱ्याने फोन घेतला आणि तुला सोडायचे आठ हजार दिनार सांगितले.

मला तुझा आवाज कळला. घसा बसलाय, दात गेले असतील, तरी कळला. इबतिसामला ऐकवला, तिलाही कळला. मी पैशांची जुळवाजुळव सुरू करतोय. तोवर धीर धर. आपण दोघं आजोबांच्या झैतूनच्या बागेत गाढवावर बसून जायचो ते आठव. झरझूर मधेच बसकण मारायचं आणि तू त्याच्या कानात शिव्या द्यायचास. आजोबा म्हणायचे, हे गाढव शाकिरपेक्षा शहाणं आहे. ते सगळं अजून इथेच आहे. झरझूर मात्र मेलं.

तुझा,
वजदी


रविवार, २ एप्रिल २०१७, दुपारी चार

मायना काय घालावा कळत नाही म्हणून घातलेला नाही. हे पत्र लझहरकडे देणार नाही.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

२४ मार्चला फोन आला. मी काही विचारायच्या आत तू म्हणालास, "झरझूर मेलं का?" फोन ठेवल्यावर मी धावत घरी गेलो आणि इबतिसामला म्हणालो, आता संशयच नको, गाढवाचं नाव सांगितलं त्याने. ती भाकरी थापत होती. हात तसेच पिठात ठेवून तिने विचारलं, "पत्रात काय काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं.

"म्हणजे तूच नाव पाठवलंस, आणि तेच परत आलं."

"पण त्याने ते दादासारखं म्हटलं," मी म्हणालो.

"वजदी, तू आधी बस बघू."

मी बसलो. मग मोबाईल काढून ५ मार्चचं बोलणं एका कागदावर उतरवून काढलं, वर माझं, खाली त्याचं. शाकिर हे नाव मी घेतलं होतं. लिबिया मी म्हणालो होतो. वाहत गेलेली बोट मी दिली, ओज्जाही मीच दिली. पलीकडच्या माणसाने "हो" म्हटलं, माझे शब्द परत म्हटले, आणि रडला. रडणं आणि रडतानाचं पुटपुटणं तेवढं त्याचं होतं. नंबर तर भिंतींवर चिकटलेलेच आहेत.

मग मी ते केलं जे मला आधी करायला हवं होतं. त्या बोलण्यातला रडतानाचा अकरा सेकंदांचा तुकडा वेगळा काढला. त्यात नाव नाही, फक्त "आई, मला इथून काढ, हे मारतात" एवढं आहे, आणि मागे कसलंतरी यंत्र चालल्याचा आवाज. तो घेऊन बशीर काकांच्या दुकानात गेलो. त्यांनी तुझे, म्हणजे शाकिरचे, केस वीस वर्षं कापले. मी म्हणालो, "काका, हा कोण ते सांगा."

त्यांनी वस्तरा थांबवून ऐकलं. "कुणीतरी लिबियावाला दिसतो. पोट दुखतंय का याचं? एक शब्द कळला असेल तर शप्पथ."

"नीट ऐका."

"अरे, तीस वर्षं ड्रायरच्या आवाजात गेली माझी, नीटच ऐकतोय. कळत नाही म्हणजे नाही."

"शाकिर आहे," मी म्हणालो. "आई, मला इथून काढ, असं म्हणतोय."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. खुर्चीतल्या गिऱ्हाईकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच. "परत लाव." मी लावलं. काकांचे डोळे भरून आले. "अरे देवा. शाकिरच की. 'आई' म्हणताना शेवटी असाच लांबवायचा तो. मघाशी कसं ऐकू आलं नाही मला?"

तिथून मी बर्फाच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. कारखान्यातला हेदी पत्ते खेळत बसला होता. त्याला म्हणालो, "कारखान्यातला हाफिझ लिबियात अडकलाय म्हणे. हे ऐक." आणि तोच तुकडा लावला.

हेदीने कान लावला आणि मान हलवली. "हाफिझच लेकाचा. माझे चाळीस दिनार घेऊन पळाला. बरा अडकला. आवाज बघ कसा काढतोय, पैसे मागताना असाच काढायचा."

हाफिझ स्फाक्समध्ये मेहुण्याच्या दुकानात आहे. मी आधीच फोन करून खात्री केली होती.

घरी येऊन मी तुकडा पुन्हा ऐकला. मनात शाकिर धरला की शाकिर ऐकू येतो. हाफिझ धरला की, खरं सांगतो, थोडा थोडा हाफिझ ऐकू येतो. काही धरलं नाही तर यंत्र ऐकू येतं.

३० मार्चला पुन्हा फोन आला तेव्हा मी तयारीत होतो. पत्रात नसलेलं, भिंतीवर नसलेलं काहीतरी विचारायचं होतं. मी म्हणालो, "लहानपणी आई मारायला आली की आपण कुठे लपायचो?" तेवढ्यात पहारेकरी पलीकडून ओरडला, "प्रश्न नाही! पैसे!" आणि काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि किंकाळी. आणखी एकदा आपटलं. फोन बंद.

त्या किंकाळीत मी तुझा आवाज शोधत होतो. हे लिहायलाही लाज वाटते, पण खरंच शोधत होतो. सापडला नाही. किंकाळी कुणाचीही तशीच असते.

मी आता तुला प्रश्न विचारू शकत नाही. प्रत्येक प्रश्नाला तू मार खाणार. तू कुणीही असलास तरी.


बुधवार, १९ एप्रिल २०१७, संध्याकाळी पाच

हेही पाठवणार नाही. तरीही लिहितोय, नाहीतर सगळं एकमेकांत मिसळेल.

परवा लझहर परत आला. त्याच्या ओळखीच्या माणसाने तुझा फोटो काढून दिला. आम्ही तो एकेकट्याने पाहायचा असं मी ठरवलं, म्हणजे कुणी कुणाला आधी काही सांगणार नाही. भिंतीला टेकलेला माणूस, वरून बल्बचा उजेड, दाढी वाढलेली, एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला.

इबतिसाम बघताक्षणी म्हणाली, "दादाच. भुवई बघ."

मग मी आईच्या खोलीत गेलो. ती दुपारची प्रार्थना आटपून चटईवरच बसली होती. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. "कुणाचं रे हे लेकरू?" ती म्हणाली. "काय दशा केलीय मेल्यांनी." आणि फोन परत दिला. दारात उभ्या असलेल्या इबतिसामला राहवलं नाही. "आई, भुवई बघ ना." आई म्हणाली, "माझ्या शाकिरच्या भुवईवर आता माती आहे. मी रोज तिच्यावर पाणी घालते."

मी स्वतः किती वेळ पाहत बसलो ते लिहीत नाही. कबर आठवून पाहिलं की परका दिसतोस. फोन आठवून पाहिलं की दादा. चेहरा तोच, त्यातला एक केसही हलत नाही.

मग वाटलं, निदान एका बाजूची तरी खात्री करून घ्यावी. देह तर डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून काल गाबेसला जाऊन शवागाराच्या डॉक्टर बाईंना भेटलो. डॉ. सिहाम त्यांचं नाव. चाळिशीच्या आहेत, बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत, हातातलं काम करत राहतात. त्यांना मी आठवत होतो. म्हणाल्या, "तुम्ही तो मुलगा ना, ज्याने सही करायच्या आधी अर्जातली चूक दुरुस्त केली होती?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. त्या प्रत्येक देहाच्या कपड्यांचे फोटो काढून ठेवतात.

स्वेटर हिरवा होता. भोक होतं. ते उजव्या बाहीवर होतं, मनगटाजवळ, लांबट, खडकावर घासून फाटल्यासारखं. डाव्या कोपराला काहीच नव्हतं. रफू कुठेच नव्हता. काळा दोरा नव्हता.

मी म्हणालो, "हा दुसऱ्या कुणाचा स्वेटर आहे."

"हा तुम्ही ओळखलेला आहे. क्रमांक बघा."

मी क्रमांक पाहिला. माझ्या सहीच्या कागदावरचाच होता.

तुला माहीतच आहे, म्हणजे शाकिर असशील तर माहीत आहे, की तू जायच्या आधीच्या हिवाळ्यात जुन्या कपड्यांच्या बाजारात जर्मनीहून एक मोठा गठ्ठा फुटला होता. सगळे तसलेच हिरवे स्वेटर, कुठल्यातरी कारखान्याच्या कामगारांचे. सात दिनारला एक. अर्ध्या जरजीसच्या पोरांनी घेतले. मीही घेतला. कालही तोच अंगात होता. मला हे ठाऊक होतं. शवागारात उभा असतानाही ठाऊक होतं. तरी हिरवा रंग दिसला आणि पुढचं सगळं आपोआप दिसत गेलं.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी खोटं बोललो नव्हतो. मी तो काळा दोरा पाहिला. टाके पाहिले. तिरपे होते."

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हाला दिसले असतील." त्या काचेच्या पट्ट्या पुसत होत्या. "लोकांना वाटतं डोळा बाहेरून चेहरा आत आणतो. तसं नसतं. डोकं आधीच चित्र काढून बसलेलं असतं, डोळा फक्त चुका दाखवतो. इथे नाक वेगळं, इथे तीळ नाही. रोजच्या जगण्यात तेवढं पुरतं. पण सव्वीस दिवस पाण्यात राहिलेल्या तोंडाला चुका दाखवता येत नाहीत. मग डोक्यातलं चित्रच तेवढं उरतं. आणि तुम्ही महिनाभर डोक्यात एकच चित्र घेऊन फिरत होता."

"मग फोनवरचा आवाज?"

"पत्र्याच्या खोलीतून, फुटक्या ओठांनी, दीड मिनिट? तेच झालं असणार."

"म्हणजे फोनवरचा दादा नाही?"

"मी तसं म्हटलं नाही. तुमचे कान साक्ष देऊ शकत नाहीत, एवढंच म्हटलं. तो असेलही."

मी विचारलं की आईने हा फोटो पाहून नाही म्हटलं, ते तरी धरायचं का. त्या म्हणाल्या, "आईच्या डोक्यातही चित्र आहेच की. त्यात तो मेलेला आहे."

त्यांनी त्या देहाचा एक दात ठेवून घेतला होता. माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. एकाच बापाचे मुलगे असतील तर जुळेल. उत्तर यायला तीन महिने लागतील, कदाचित चार. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. त्या बोटीवरच्या आणखी नऊ घरांनी अशाच काड्या देऊन ठेवल्या आहेत. सगळ्या देहांशी त्या जुळवून पाहिल्या. एका देहाशी पाहिल्या नाहीत, कारण तो ओळखला गेला होता. सही झाली होती.

येताना बसमध्ये मी तो स्वेटर काढून मांडीवर घेतला. थंडी होती तरी घातला नाही.


बुधवार, ३ मे २०१७, सकाळचे साडेदहा

भाऊ,

आज लझहर निघतोय. ज्यांनी तुला धरलंय त्यांनी उद्यापर्यंतची मुदत दिली आहे. उद्यानंतर तुला दुसऱ्यांना विकतील असं तो पहारेकरी म्हणाला. विकलेल्या माणसांचे फोन येत नाहीत, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. गाबेसचं उत्तर जुलैआधी येत नाही.

याबरोबर मागची दोन न पाठवलेली पत्रंही देतोय. पैसे त्यांच्या हातात पडल्यावरच लझहर ती तुला देईल. तू कुठल्या घरी येतोयस ते तुला कळलेलं बरं.

सोमवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा आई अंगणात परातीत कुस्कुस वळत होती. मी फोन घेऊन आत जाणार, तेवढ्यात ती म्हणाली, "इकडे आण."

"आई, तू—"

"इकडे आण म्हटलं ना. हात पिठाचे आहेत, कानाला धर."

मी धरला. ती आधी फक्त ऐकत होती. मग म्हणाली, "बोल, बाळा. मी मब्रूका. मी तुला काही विचारणार नाही." तू रडत होतास. आई, मला इथून काढ, म्हणालास. ती म्हणाली, "जेवलास का?" तू म्हणालास, "नाही." ती म्हणाली, "काल?" तेवढ्यात फोन तुटला. ते काही तू विसरला नसशील. पुढचं तुला माहीत नाही.

आई परत कुस्कुस वळायला लागली. चार-पाच वेळा हात फिरवला आणि म्हणाली, "हा शाकिर नाही."

इबतिसाम चिडली. "तू ऐकायच्या आधीच ठरवून बसलीयस, आई. फोटो बघायच्या आधीही ठरवलं होतंस."

"ठरवलं असेल."

"मग?"

"मग काय? तू नाही ठरवलंस? तुला तो भुवईत दिसतो. याला घशात ऐकू येतो. मला दिसत नाही. तिघांचं तीन तऱ्हांचं. पण पोरगं जेवलेलं नाही, एवढं तर तिघांनाही ऐकू आलं ना?" तिने परातीवर कापड टाकलं. "माझ्या कपाटात वरच्या फळीवर उमऱ्याच्या यात्रेचे पैसे आहेत. दीड हजार. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मी म्हणालो, "आई, तो आपला नसला तर?"

"आपला नसला तर कुणाचा तरी असेल. जा आता. मला जायला उशीर होतोय."

ती कबरीवर निघाली होती. रफूची गोष्ट मी तिला सांगितली आहे. कबरीत शाकिर नसेलही, हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिथे रोज कोण जाणार? त्याच्या आईला पत्ता माहीत नाही." अजून रोज जाते. दगडावरचं नाव मी पुसलेलं नाही. पुसून तिथे काय लिहायचं ते कळल्याशिवाय पुसणार नाही.

आता तुझ्या येण्याबद्दल. लझहर तुला शुक्रवारी सकाळी सीमेवर, रास जदीरला आणेल. कागद नसल्याने आपल्या बाजूच्या चौकीत तुला काही तास बसवतील, घाबरू नकोस, मारत नाहीत. मी बाहेर टायरवाल्याच्या दुकानाशेजारी, निळ्या दाराच्या चहाच्या टपरीत बसलेला असेन.

मी तुला शोधणार नाही. दाराकडे पाठ करून, मान खाली घालून बसणार आहे. लझहरला सांगून ठेवलंय की कुणाला आणलंस ते मला ओरडून सांगू नकोस. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिलेला नाही. कोणीही दाढीवाला, थकलेला माणूस त्या दारातून आला आणि मी वर पाहिलं, तर मी त्याचा शाकिर करून टाकीन. दोनदा केलाय. तिसऱ्यांदा करीन आणि घरी घेऊन जाईन आणि मग आयुष्यभर मलाही कळणार नाही.

म्हणून या वेळी तू मला ओळख. कसं ओळखायचं, जवळ येऊन काय करायचं, काय म्हणायचं, ते मी लिहीत नाही. लिहिलं तर तू तेच करशील.

आणि तू शाकिर नसलास तरी ये. पळून जाऊ नकोस. त्या खोलीत जो कुणी त्यांना नंबर देईल त्यालाच फोन मिळतो, हे मला आता समजतं. आमचा नंबर तुला शाकिरने दिला की भिंतीवर दिसला, तेवढं सांग. बोटीत तो तुझ्याजवळ बसला होता का, ते सांग. त्याच्यासाठी घरात ताट वाढून ठेवलेलं असेल, ते तुझं. फक्त एक कर. मी वर बघायच्या आत तुझं नाव सांग. माझ्या पाठीमागे उभा राहा आणि पहिला शब्द म्हणून तुझं स्वतःचं नाव घे, म्हणजे मी तुला दुसरं कुणी करायच्या आधी तू तू असशील.

इबतिसामने सांगितलंय की सगळा हिशेब लिहून ठेव, नंतर घोळ नको. शाकिरच्या नावावर आजवर झालेला खर्च असा:

कफन, कापूर, साबण: ८५ दिनार
गाबेसहून गाडी: १५०
कबर खणणं: १२०
तिसऱ्या दिवशीचं जेवण, मेंढ्यासकट: ४३०
दगड (रंग माझा, धरला नाही): २१०
पोस्टरं: ६५

तुझ्यासाठी आज लझहरकडे दिलेले: ८,०००
त्यात माझी मोटारसायकल विकून: १,९००
इबतिसामचं लग्नाचं सोनं: २,६००
आईचे उमऱ्याचे: १,५००
तेलाच्या घाण्याच्या मालकाकडून उसने: २,०००

लझहरची मजुरी ३००, पैकी दिले १५०.

देणं बाकी: घाण्याच्या मालकाला २,०००, झैतून उतरल्यावर तेलात फेडायचे. लझहरला १५०, तू पोचल्यावर. इबतिसामला २,६००, ती म्हणते, घाई नाही. आई म्हणते, तिचे लिहू नकोस.

वजदी